काचपेटीतील बिनतिकीट प्रवासी

समजा, तुमची शाळा यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील बोरी अरब या गावी आहे. गावाजवळून अडाण नदी वाहते. शाळेच्या प्रयोगशाळेत माशांसाठी काचपेटी मांडायचे ठरले. पेटी ६० सें.मी. लांब, ३० सें.मी. रुंद व ३० सें.मी. उंच. गुणाकार करून पाहा : ५४,००० घन सें.मी., म्हणजे काठोकाठ भरली तर ५४ लिटर पाणी. तळाशी धुतलेली वाळू पसरली. बाजारातून सहा गप्पी मासे आणले. नदीच्या संथ, उथळ पाण्यातून हायड्रिला या पाणवनस्पतीच्या चार जुड्या आणल्या. वहीत नोंद झाली : मासे सहा, वनस्पती चार जुड्या.

पहिले दोन आठवडे सारे सुरळीत चालले. तिसऱ्या आठवड्यात मात्र वहीतला हिशेब आणि पेटीतला हिशेब जुळेनासा झाला. काचेवर बारक्या गोगलगायी चढू लागल्या. मोजल्या तर एकेचाळीस भरल्या. वाळूतून पांढरे धागे डोके वर काढून वळवळू लागले. एका पानावर हात पसरून बसलेले काहीतरी इवलेसे दिसले. आणि गप्पी मादीला झालेली वीस-बावीस पिले दोन दिवसांत पाच-सहावरच आली.

आता वर्गात सल्ल्यांना तोटा नसतो. एक म्हणतो, “मूठभर मीठ टाका.” दुसरा म्हणतो, “मोरचूद टाका, सगळे मरतील.” तिसरा म्हणतो, “पेटी नदीवर नेऊन उपडी करा आणि पुन्हा पहिल्यापासून मांडा.” विद्यार्थिमित्रांनो, हे तिन्ही सल्ले घाईचे आहेत. त्यांतला तिसरा तर सर्वांत वाईट. का ते शेवटी पाहू. तूर्त एवढेच लक्षात ठेवा की, पेटीत न बोलावता आलेला प्रत्येक जीव शत्रू नसतो. आधी तो कोण आहे हे ओळखायचे, मग त्याचे काय करायचे ते ठरवायचे.

ते आले कोठून?

पूर्वी लोकांना वाटे की, चिखलातून जीव आपोआप उत्पन्न होतात. तसे होत नाही हे तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचले आहे. तेव्हा हे पाहुणे कशाबरोबर तरी आलेच असले पाहिजेत. ते येण्याचे चार मार्ग आहेत.

पहिला मार्ग वनस्पतींचा. हायड्रिलाच्या पानांखाली गोगलगायींच्या अंड्यांचे पारदर्शक, चिकट पुंजके असतात. टाचणी या नावाने ओळखला जाणारा, चतुरासारखा पण सडपातळ कीटक तर आपली अंडी पाणवनस्पतीच्या देठाला बारीक चीर पाडून आतच घालतो. अशी अंडी वरून कितीही धुतले तरी निघत नाहीत.

दुसरा मार्ग माशांचा. काही परजीवी माशाच्या अंगाला चिकटूनच येतात. तिसरा मार्ग जिवंत खाद्याचा. डबक्यातून गाळून आणलेल्या पाणपिसवांबरोबर इतर दहा प्रकारचे जीव येतात. चौथा मार्ग हवेचा. पेटी उघडी असेल तर डास, पाणभुंगे किंवा चतुर उडत येऊन थेट पाण्यात अंडी घालू शकतात.

रेल्वेत तिकीट न काढता बसलेला प्रवासी तपासनीसाला डब्याच्या दाराशी सापडला तर सोपे असते. गर्दीत मिसळल्यावर अवघड जाते. काचपेटीचेही तसेच आहे.

ओळख कशी पटवावी?

यासाठी महाग उपकरणे लागत नाहीत. एक भिंग, एक पांढरी बशी, एक ड्रॉपर, एक चिमटा आणि एक विजेरी एवढे पुरे. खोलीतले दिवे मालवून तासाभराने विजेरीच्या उजेडात पेटी पाहा. दिवसा लपून बसणारे अनेक जीव तेव्हा बाहेर आलेले असतात. अनोळखी जीव ड्रॉपरने उचलून थोड्या पाण्यासह बशीत घ्या आणि पुढील प्रश्न क्रमाने विचारा.

१. तो माशाच्या अंगाला चिकटलेला आहे काय? असल्यास तो परजीवी असण्याचा संभव मोठा. याच्याकडे सर्वांत आधी लक्ष द्या.

२. त्याच्या पाठीवर कवच आहे आणि तो सरपटतो काय? ती गोगलगाय.

३. तो एका जागी चिकटून बसला आहे आणि मोकळ्या टोकाला धाग्यांसारखे हात आहेत काय? तो जलव्याल, म्हणजे तुमच्या पुस्तकातला हायड्रा.

४. तो लांबट असून त्याला पाय नाहीत असे दिसते काय? तो कृमी किंवा जळू. मात्र तो पाण्याच्या पृष्ठभागाला डोके खाली करून लोंबकळत असेल, तर ती डासाची अळी.

५. त्याला सहा पाय आहेत काय? तो कीटक किंवा कीटकाचे पिलू.

६. तो टाचणीच्या डोक्याएवढा किंवा त्याहून लहान असून पाण्यात टुणटुण उड्या मारतो किंवा गोल फिरतो काय? तो कोळंबीच्या दूरच्या नात्यातला एखादा बारका कवचधारी प्राणी.

आता या एकेका गटाची विचारपूस करू.

कवचवाले

पेटीत बहुधा चार प्रकारच्या गोगलगायी सापडतात. त्यांचे कवच टोक वर व तोंड आपल्याकडे करून धरा. तोंड डाव्या बाजूस उघडत असेल आणि कवच लहान, टोकदार, पातळ असेल तर ती फायसा. तोंड उजव्या बाजूस असून शिंगे त्रिकोणी असतील तर ती लिम्निया. कवच जिलबीसारखे एकाच पातळीत गुंडाळलेले असेल तर ती इंडोप्लॅनॉर्बिस. आणि कवच शंकूसारखे लांब असून आत शिरल्यावर जी आपल्या मागे झाकण लावून घेते, ती मेलॅनॉइडिस. ही शेवटची दिवसा वाळूत शिरून बसते आणि अंडी न घालता थेट पिलांना जन्म देते.

यांतील फायसाची कथा मोठी गमतीची आहे. द्रापार्नो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०५ साली फ्रान्समधील गारोन नदीतल्या नमुन्यांवरून तिचे वर्णन केले, म्हणून ती युरोपची रहिवासी समजली जाई. पुढे अमेरिकेतील फायसांशी तिचे संकर घडवून पाहिले गेले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांनी दाखवले की, दोन्हीकडच्या गोगलगायी एकाच जातीच्या आहेत. तिचे मूळ घर उत्तर अमेरिका. म्हणजे शास्त्रज्ञाच्या हाती पडली तेव्हाच ती अटलांटिक महासागर ओलांडून आलेली प्रवासी होती! पुढे शोभेच्या पाणवनस्पतींच्या व्यापाराबरोबर ती जगभर पसरली आणि भारतातही पोहोचली. ती इतकी यशस्वी का झाली? फायसा उभयलिंगी असते. जोडीदार न मिळाल्यास एकटीसुद्धा फलित अंडी घालू शकते. एका पानाबरोबर एक गोगलगाय आली तरी वसाहत उभी राहते.

मग गोगलगायी वाईट का? माशांना त्या काहीही करीत नाहीत. त्या काचेवरचे शेवाळ, कुजकी पाने आणि माशांनी टाकलेले अन्न खातात. त्यांची संख्या एकाएकी वाढली, तर दोष त्यांचा नव्हे. आपण माशांना जास्त खाऊ घालतो असा त्याचा अर्थ. तापमापीतला पारा चढला म्हणून कोणी तापमापी फोडत नाही. गोगलगायींची संख्या ही अशीच तापमापी आहे.

हे स्वतः पडताळून पाहा. दोन सारख्या बरण्यांत सारखे पाणी, सारखी वनस्पती आणि प्रत्येकी पाच गोगलगायी ठेवा. एका बरणीत रोज चिमूटभर खाद्य घाला, दुसरीत काहीच घालू नका. दर रविवारी गोगलगायी व अंड्यांचे पुंजके मोजा आणि सहा आठवड्यांनी दोन्ही आकडे आलेखावर मांडा. बरण्यांच्या तोंडाला पातळ कापड बांधायला विसरू नका. नाहीतर गोगलगायींबरोबर डासांचाही प्रयोग होईल.

मात्र नदी-तलावातून आणलेल्या गोगलगायींबाबत एक सावधगिरी हवी. गुरे ज्या पाण्यात उतरतात तेथील काही गोगलगायी परजीवी कृमींच्या आश्रयदात्या असतात. लिम्नियाच्या शरीरात गुरांच्या यकृतातील चपट्या कृमींची वाढ होते, तर इंडोप्लॅनॉर्बिसच्या शरीरात गुरांच्या रक्तात राहणाऱ्या कृमींची. त्यांतली एक जात गुरांच्या नाकात राहते. अशी गुरे श्वास घेताना घोरतात. गोगलगायीतून बाहेर पडलेली या रक्तकृमींची सूक्ष्म पिले माणसाच्या कातडीत घुसू पाहतात. तेथे त्यांची पुढे वाढ होत नाही, पण अंगाला खाज सुटून पुरळ उठते.

आपल्याच राज्यात याहून गंभीर गोष्ट घडली आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी काही लोकांच्या लघवीतून रक्त जात असे. गाडगीळ आणि शाह या संशोधकांनी १९५२ साली दाखवून दिले की, हा रक्तकृमींचा, म्हणजे शिस्टोसोमाचा आजार आहे. तोपर्यंत भारतात त्याचे असे ठाणे असेल अशी कोणाची अपेक्षा नव्हती. तेथील पाण्यात त्यांनी आश्रयदाती म्हणून दाखवलेली फेरिसिया ही गोगलगाय काही मिलिमीटरच लांब असते. तिचे कवच उपड्या टोपीसारखे असते आणि ती पानाला चिकटून बसली की चटकन दिसतही नाही. तिच्या नात्यातल्या अशाच टोपीवाल्या गोगलगायी काचपेटीतही पाहुण्या म्हणून येतात.

घाबरून जाण्याचे कारण नाही. या कृमींचे जीवनचक्र पुरे व्हायला गोगलगाय आणि गुरे किंवा माणूस असे दोघे लागतात. तुमच्या पेटीत गुरे पाणी प्यायला येत नाहीत. तेव्हा तेथे जन्मलेल्या गोगलगायींना ही लागण होण्याचा मार्गच उरत नाही. धोका असतो तो नदीतून नुकत्या आणलेल्या गोगलगायींपासून. म्हणून हाताला जखम असताना पेटीत हात घालू नका आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

पांढरे धागे आणि त्रिकोणी डोके

काचेवर किंवा वाळूत वळवळणारे केसासारखे पांढरे कृमी पाहून बहुतेकांना किळस येते. भिंगातून पाहा. शरीर वलयांकित आहे, वेगळे डोके दिसत नाही आणि पोहताना ते नागमोडी वळसे घेते? मग हे गांडुळाचे बारके नातेवाईक होत. वाळूत साचलेला कुजका गाळ हेच त्यांचे अन्न. त्यांच्यापासून माशांना अपाय नाही. उलट मासे त्यांना आवडीने खातात. ते मोठ्या संख्येने वर येऊ लागले तर समजावे की, तळाशी गाळ फार झाला आणि तेथे ऑक्सिजन कमी पडू लागला. रबरी नळीने तळचा गाळ शोषून काढा आणि खाद्य कमी करा. हाच उपाय.

पण कृमी वळवळत नसून काचेवरून तेल सांडल्यासारखा सरकत असेल, शरीर चपटे असेल, डोके बाणाच्या टोकासारखे त्रिकोणी असेल आणि त्यावर दोन काळे ठिपके असतील, तर तो प्लॅनेरिया. हा मांसाहारी आहे. माशांची अंडी, नुकती जन्मलेली अशक्त पिले, कोळंबीची पिले यांवर तो ताव मारतो. त्याचे तोंड डोक्याला नसून पोटाच्या मध्यावर असते!

प्लॅनेरिया दिसला की चिरडण्याचा मोह आवरा. त्याचे तुकडे केले तर योग्य आकाराच्या तुकड्यातून पुन्हा पूर्ण प्राणी तयार होतो. मॉर्गन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १८९८ च्या सुमारास यावर प्रसिद्ध प्रयोग केले. तेव्हा सापळा लावा. औषधाच्या लहान बाटलीच्या झाकणाला बारीक भोके पाडून आत मांसाचा किंवा माशाचा वाटाण्याएवढा तुकडा ठेवा आणि रात्री बाटली तळाशी आडवी ठेवा. सकाळी दिवा लावण्यापूर्वीच ती बाहेर काढा. आत शिरलेले प्लॅनेरिया आयते सापडतील. हे आठवडाभर रोज करावे लागते.

हात पसरून बसलेला

तुमच्या पानावरचा तो हात पसरलेला जीव म्हणजे जलव्याल. उंची साधारण अर्धा ते एक सें.मी., टोकाला सहा-सात हात. हातांवर दंशपेशी असतात. पाणपिसू चुकून हातांना लागली की त्या पेशींतून विषारी धागा सुटतो आणि पिसू लुळी पडते. मोठ्या माशाला याने काही होत नाही. दोन-चार दिवसांचे पिलू मात्र सापडू शकते.

या पाहुण्यानेच जीवशास्त्रात एक नवे दालन उघडले. इ.स. १७४० मध्ये हॉलंडमधील द हेग शहराजवळ आब्राहाम ट्रेंब्ले हा तरुण एका सरदाराच्या दोन मुलांना शिकवीत होता. मुलांसह त्याने डबक्यातल्या पाणवनस्पती आणून काचेच्या बरणीत ठेवल्या. त्यांवर त्याला हे हिरवे जीव दिसले. ही वनस्पती की प्राणी? निर्णय करण्यासाठी त्याने एकाचे दोन तुकडे केले. प्राणी असेल तर मरेल असा त्याचा तर्क. काही दिवसांत दोन्ही तुकड्यांचे दोन पूर्ण जीव झाले, आणि ते चालत होते, शिकारही करीत होते! १७४४ साली त्याने हे सर्व ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले तेव्हा युरोपातील विद्वान चकित झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही हायड्राच्या पुनर्जननावर संशोधन झाले आहे. ट्रेंब्लेने बरणी ओतून दिली असती तर?

तेव्हा जलव्याल दिसला तर एक-दोन बरणीत घालून निरीक्षणासाठी ठेवाच. बाकीचे कमी करायचे तर काच खरवडू नका; तुकड्यांतून त्यांची संख्या वाढेल. त्यांचे पान कापून काढा, पाणपिसवांचे खाद्य काही दिवस बंद ठेवा. गुरामी जातीचे मासे जलव्याल खातात. पेटी पुरेशी मोठी असल्यास तोही एक उपाय आहे.

खरे शिकारी

आता सहा पायांच्या पाहुण्यांकडे वळू. येथे मात्र दयामाया दाखवून चालत नाही. चतुराचे पिलू मातकट रंगाचे, बसके आणि मोठ्या डोळ्यांचे असते. टाचणीचे पिलू सडपातळ असून त्याच्या शेपटीला पानांसारखे तीन कल्ले असतात. दोघांचाही खालचा ओठ लांब, घडीचा आणि पुढे चिमटा असलेला असतो. भक्ष्य टप्प्यात आले की हा ओठ विजेच्या वेगाने पुढे सुटतो. चतुराचे मोठे पिलू गप्पीच्या पूर्ण वाढलेल्या माशालाही पकडते. पाणभुंग्याची अळी विळ्यासारख्या जबड्यांनी भक्ष्याला धरते, त्यात पाचक रस सोडते आणि विरघळलेले मांस शोषून घेते. पाणढेकूण आणि पाणविंचूही याच वर्गातले. पाणढेकणाचा चावा माणसालाही चांगलाच झोंबतो, म्हणून त्याला हाताने पकडू नका, जाळीने काढा.

या पाहुण्यांना पेटीतून काढणे आवश्यक आहे, मारणे नव्हे. चतुराचे पिलू एका बरणीत ठेवा, त्याला डासांच्या अळ्या खाऊ घाला आणि बरणीत पाण्याबाहेर येईल अशी एक काडी उभी करा. काही आठवड्यांनी एखाद्या पहाटे ते काडीवर चढेल, पाठीवर कातडी उलेल आणि आतून चतुर बाहेर येईल. पंख वाळले की खिडकी उघडून त्याला जाऊ द्या. तो पुढे डास खातच जगेल.

माशांच्या अंगावरचे

माशाच्या कातडीतून बाहेर आलेला बारीक धागा आणि त्याच्या टोकाला दोन पिशव्या दिसल्या, तर तो लर्निया. त्याचे डोके नांगरासारखे माशाच्या मांसात रुतलेले असते. दुसरा परजीवी आर्ग्युलस, म्हणजे माशाची ऊ : चपटी, गोल, पारदर्शक, दोन काळ्या डोळ्यांची. मासा दगडावर अंग घासू लागला, उगाच दचकू लागला तर त्याचे अंग भिंगातून तपासा.

हे दोघेही कोळंबीच्या गटातले, म्हणजे कवचधारी आहेत. त्यांच्यावरची काही औषधे त्यांच्या कवचाची वाढ रोखतात. साहजिकच त्याच औषधाने पेटीतली कोळंबी आणि पाणपिसवाही मरतात. म्हणून आजारी मासा वेगळ्या भांड्यात काढावा आणि औषध व त्याची मात्रा पशुवैद्यकाला किंवा मत्स्यव्यवसाय विभागातील जाणकाराला विचारूनच ठरवावी. आर्ग्युलस काच व दगडांवर अंडी घालतो, तेव्हा पेटीही स्वच्छ करावी लागते.

टुणटुण उड्या मारणारे

पाणपिसवा, दाण्यासारख्या कवचातले ऑस्ट्राकॉड आणि सायक्लॉप्स हे तिघे माशांचे आवडते अन्न. ते पेटीत असणे चांगलेच. पण सायक्लॉप्सला एकदा भिंगाखाली नीट पाहा. ज्या प्राण्यामुळे एके काळी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत नारूचा रोग पसरत असे, तो हाच. नारूच्या कृमीची पिले सायक्लॉप्सच्या पोटात वाढत आणि पायविहिरीचे न गाळलेले पाणी पिणाऱ्याच्या शरीरात जात. वर्षभराने पायातून हातभर लांबीचा कृमी बाहेर पडे. यावर लस निघाली नाही की रामबाण औषध सापडले नाही. कापडाने पाणी गाळणे, पायविहिरी बंद करणे, पाण्यात सायक्लॉप्सनाशक टाकणे आणि रोग्याला पाण्यात उतरू न देणे एवढ्यावर लढाई जिंकली गेली. भारतातील नारूचा शेवटचा रोगी १९९६ साली नोंदला गेला आणि २००० साली देश नारूमुक्त म्हणून जाहीर झाला. तुमच्या पेटीतल्या सायक्लॉप्समध्ये आता नारू नाही. वाहक कोण हे नेमके ओळखले म्हणूनच हे साधले.

औषध टाकण्यापूर्वी

आता वर्गातल्या पहिल्या दोन सल्ल्यांकडे वळू. मूठभर मिठाने गप्पी मासे कदाचित तगतील, पण हायड्रिला मान टाकील. मोरचुदाने गोगलगायी मरतात हे खरे. परंतु मात्रा थोडी चुकली तरी मासे व वनस्पतीही मरतात. शिवाय चाळीस गोगलगायी एकदम मेल्या तर त्या वाळूत कुजतात, अमोनिया वाढतो आणि जे मासे विषातून वाचले ते कुजक्या पाण्याने मरतात. रोगापेक्षा उपाय घातक ठरतो.

त्याऐवजी काकडीचा काप किंवा पालकाचे उकडलेले पान दोऱ्याला बांधून रात्री तळाशी सोडा. सकाळी गोगलगायींसह ते वर काढा. अंड्यांचे पुंजके नखाने खरवडून काढा. मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढेच खाद्य द्या. आठवड्यातून एकदा गाळ काढून साधारण चौथा हिस्सा पाणी बदला. नळाचे पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून मगच वापरा. महिन्याभरात गोगलगायी उतरणीला लागतील.

आणि ती नाहीशी झालेली पिले? संशयितांच्या यादीत जलव्याल आहे, टाचणीचे पिलू असू शकते. पण पहिले नाव त्यांच्या आईचेच घाला. गप्पी मासे आपलीच पिले खातात. पाहुण्यावर आरोप ठेवण्यापूर्वी घरातल्यांची चौकशी करावी, ती अशी.

दाराशीच अडवा

सर्वांत सोपा उपाय दाराशीच करायचा. नवी वनस्पती थेट पेटीत टाकू नका. ती वाहत्या पाण्याखाली धुवा, पान न् पान भिंगाने पाहा. मग चार लिटर पाण्यात मोठा चमचाभर तुरटी विरघळवून त्यात दोन-तीन तास बुडवून ठेवा आणि पुन्हा स्वच्छ धुवा. याने बऱ्याच गोगलगायी मरतात. अंडी मात्र तगून राहू शकतात. म्हणून ती वनस्पती तीन-चार आठवडे वेगळ्या बादलीत, उजेडात ठेवा. अंड्यांतून जे निघायचे ते तेवढ्या काळात निघते आणि दिसते. बादलीच्या तोंडाला पातळ कापड घट्ट बांधा. उघड्या बादलीत आठ-दहा दिवसांत डास तयार होतात आणि डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला असेच पाणी आवडते. नवे मासेही असेच तीन आठवडे वेगळे ठेवावेत.

परतीचा प्रवास

आता तिसरा सल्ला. पेटी नदीत उपडी केली तर काय होईल? त्या पाण्यात केवळ अडाण नदीचे जीव नाहीत. बाजारातून आलेले मासे आहेत, कोठल्या तरी दूरच्या तळ्यातली फायसा आहे, कदाचित माशांची ऊ आहे. अडाणचे पाणी पैनगंगेत जाते, पैनगंगेचे वर्धेत. वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि ती गोदावरीला मिळते. प्रयोगशाळेतल्या ५४ लिटर पाण्याला समुद्रापर्यंतचा रस्ता मोकळा होतो.

ही कल्पना नव्हे. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शोभेची वनस्पती म्हणून भारतात आली. आज ती किती नद्या-तलाव झाकून टाकते ते तुम्ही पाहता. काचपेटीतले शेवाळ खावे म्हणून विकला जाणारा, अंगावर चिलखत असलेला सकर मासाही दक्षिण अमेरिकेचाच. तो मोठा झाल्यावर पेटीत मावत नाही, मग लोक त्याला “जीवदान” म्हणून नदीत सोडतात. असे मासे आता आपल्याकडच्या उजनीसारख्या जलाशयांत कोळ्यांच्या जाळ्यात येतात, जाळी फाडतात, आणि त्यांना गिऱ्हाईक नसते.

म्हणून नियम सोपा ठेवा. जे एकदा पेटीत गेले ते पुन्हा नदी, नाला, विहीर यांत जाता कामा नये, मग ते त्याच नदीतून आलेले का असेना. पेटीचे पाणी झाडांच्या मुळाशी ओता. काढलेल्या वनस्पती उन्हात कडकडीत वाळवून खतात पुरा. गोगलगायींवर उकळते पाणी ओता आणि त्यांनाही खड्ड्यात पुरा. हे काम मोठ्यांच्या देखरेखीखाली करा. नको असलेले मासे दुसऱ्या काचपेटीवाल्याला द्या.

आणि तुमच्या वहीत एक नवे पान उघडा. त्यावर चार रकाने आखा : दिनांक, कोण दिसला, किती, आणि काय केले. “मासे सहा, वनस्पती चार जुड्या” ही पहिल्या दिवशीची नोंद अपुरी होती, एवढे आता तुमच्या लक्षात आलेच असेल. भिंग घ्या आणि ती पुरी करायला लागा.